बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला

मरोळमध्ये काम एका छपराखाली होत नाही. एमआयडीसीतल्या गाळ्यांत माल तयार होतो, टेम्पोतून तो सहारच्या विमान मालवाहतूक विभागाकडे निघतो, काचेच्या इमारतींच्या गेटवर वॉचमन गाड्यांचे नंबर टिपतो, तळघरातल्या पार्किंगमध्ये दुसरा माणूस जागा मोजत असतो, आणि विसाव्या मजल्यावर कोणी लिफ्ट दुरुस्त करत असतो. मरोळ नाक्यावर २०१४ पासून जमिनीवरून धावणारी मेट्रो आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून जमिनीखालून धावणारीही. हॉटेलांतले कर्मचारी, कुरिअरवाले, सफाई कामगार, रुग्णालयातले वॉर्डबॉय हे सगळे एकाच चमूचे असले तरी दिवसभर एकमेकांना दिसत नाहीत. त्यांना बांधून ठेवतो तो आवाज. कुणाच्या खांद्याला वॉकी-टॉकीचा सेट असतो, तर कुणाच्या मोबाइलमध्ये बटण दाबून बोलण्याचे ॲप असते.

ही साधने व्यवसायासाठी सोयीची आहेत, यात वाद नाही. नंबर लावा, घंटी वाजू द्या, समोरच्याने उचलण्याची वाट पाहा, हा सगळा खटाटोप वाचतो. एकाने बोललेले दहा जणांना एकाच वेळी ऐकू जाते. पण दिवसाचे आठ-दहा, कधी बारा तास कानाशी बोलणाऱ्या या यंत्राचा माणसाच्या कानाशी, घशाशी आणि मेंदूशी संबंध येतो, याचा विचार सेट विकत घेताना सहसा होत नाही. तो विचार वैद्यकशास्त्राने केलेला आहे. त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी पाळायला पैसेही लागत नाहीत.

पहिले अक्षर कुठे जाते?

टेलिफोनवर दोन्ही माणसे एकाच वेळी बोलू शकतात. वॉकी-टॉकीवर ते जमत नाही. एका वेळी एकानेच बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. बटण दाबले की यंत्र ऐकणे बंद करून प्रक्षेपण सुरू करते. सोडले की पुन्हा ऐकू लागते. कॅनडातील डोनाल्ड हिंग्ज यांनी १९३७ मध्ये असे हलवता येणारे दुहेरी रेडिओ यंत्र बनवले आणि दुसऱ्या महायुद्धात त्याचे अनेक प्रकार सैन्याच्या हाती आले. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेत नेक्स्टेल या कंपनीने हीच सोय मोबाइल फोनमध्ये आणली. बांधकाम, वाहतूक, दुरुस्ती अशा विखुरलेल्या धंद्यांनी ती उचलून धरली. आज तेच काम साध्या स्मार्टफोनवरचे ॲप करते. आवाजाचे बारीक तुकडे होऊन ते मोबाइलच्या टॉवरवर जातात, तिथून सर्व्हरवर आणि सर्व्हरवरून गटातल्या प्रत्येकाच्या फोनवर.

या प्रवासाला थोडा वेळ लागतो. रेडिओचा सेट असो वा ॲप, बटण दाबल्यापासून वाट मोकळी होईपर्यंत एक छोटासा क्षण जातो. अनेक यंत्रे वाट मोकळी झाली की ‘टुक्’ असा आवाज देतात. घाईतला माणूस त्या आवाजाची वाट पाहत नाही. बटण दाबता दाबताच तो बोलू लागतो आणि त्याचे पहिले एक-दोन उच्चार कापले जातात.

मराठीत हे कापलेले उच्चार फार महाग पडू शकतात. ‘एकोणसाठ’मधला ‘एकोण’ गेला की उरते ‘साठ’. ‘एकोणतीस’चे ‘तीस’ होते आणि ‘एकोणऐंशी’चे ‘ऐंशी’. ‘साडेतीन’ आणि ‘पावणेतीन’ या दोन्ही वेळांचे पुढचे टोक तुटले की ‘तीन’च ऐकू येते. गाडी पावणेतीनला येणार की साडेतीनला, यात पाऊण तासाचा फरक आहे. गोदामात तो चालून जाईल. सलाइनच्या बाटल्या, रक्ताची पिशवी किंवा प्राणवायूचे सिलिंडर आणणाऱ्या गाडीच्या बाबतीत तो चालणार नाही.

दुसरी अडचण वाक्याच्या शेवटी आहे. मराठीत नकार शेवटी येतो. ‘गाडी सोडू नका’, ‘गेट उघडू नका’, ‘लिफ्ट चालू करू नका’. बोलणारा शेवटचा शब्द उच्चारतानाच अंगठा उचलतो आणि नेमका ‘नका’च कापला जातो. मग उरते ‘गाडी सोडू’. ऐकणारा तेवढ्याने गोंधळला तर बरे, कारण तो पुन्हा विचारेल. धोका आहे तो त्याच्या मेंदूने अर्धे वाक्य स्वतःच पूर्ण करण्यात.

मेंदू असे करतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरेन यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. त्यांनी एका वाक्यातला एक उच्चार पुसून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना तो पुसलेला उच्चारही स्पष्ट ‘ऐकू’ आला. कुठला उच्चार गाळला आहे, हे त्यांना सांगता येईना. खरखराटातून येणाऱ्या आवाजाचे तेच होते. पुढे काय असेल याचा अंदाज बांधून मेंदू गाळलेल्या जागा भरतो. गाडी सोडायची वेळ झालीच आहे, असे ज्याच्या मनात आहे त्याला ‘गाडी सोडा’ असेच ऐकू येण्याची शक्यता जास्त.

म्हणून रेडिओवर नकाराचे वाक्य टाळून होकारी आज्ञा द्यावी. ‘गाडी सोडू नका’ऐवजी ‘थांबा, गाडी थांबवून ठेवा’. ‘गेट उघडू नका’ऐवजी ‘गेट बंद ठेवा’. टोक कापले गेले तरी अर्थ उलटा होत नाही.

साठ, आठ आणि बावन्न

माणसाच्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांना जोर असतो. स, श, फ, थ, ख अशा व्यंजनांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत असतो आणि तो नाजूक असतो. जुन्या टेलिफोनने साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचवायचा असे ठरवले होते. बहुतेक साध्या रेडिओ सेटचा पट्टाही जवळपास तेवढाच असतो. बोलणे समजायला तो पुरतो, पण ‘स’चा मोठा भाग त्याच्या वर राहून जातो. त्यामुळे ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक पुसट होतो. घरी बोलताना हे लक्षात येत नाही, कारण समोरच्याचे ओठ दिसतात आणि विषय माहीत असतो. रेडिओवर ओठ नसतात.

त्यात आपले अंक. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आणि एकक वेगवेगळे उच्चारले जातात. मराठीत अकरापासून नव्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द आहे आणि त्यातले कितीतरी एकमेकांचे भाऊ वाटावेत असे आहेत. बावन्न आणि ब्याण्णव, पंचावन्न आणि पंच्याण्णव, सत्तावन्न आणि सत्त्याण्णव, सदुसष्ट आणि अडुसष्ट. शिवाय मरोळच्या कोणत्याही चमूत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषा चालतात. हिंदीतले ‘उनासी’ म्हणजे ७९ आणि ‘नवासी’ म्हणजे ८९. मराठी माणूस इथे हमखास अडखळतो. इंग्रजीचा आश्रय घ्यावा तर तिथे ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ आहेत. औषधाची मात्रा तोंडी सांगताना या जोडीने होणारे घोटाळे वैद्यकीय क्षेत्राला चांगलेच माहीत आहेत.

उपाय सोपा आहे. आकडा एकदा नेहमीसारखा म्हणावा आणि लगेच सुटा करून सांगावा: ‘बावन्न, पाच-दोन’. गाडीच्या नंबरचेही तेच. अंधेरीच्या एमएच-०२ मालिकेतल्या गाडीचा नंबर सांगताना ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ ही अक्षरे सारखीच ऐकू येतात. विमानवाहतुकीने यावर १९५६ मध्ये तोडगा काढला. ‘ए’साठी ‘अल्फा’, ‘बी’साठी ‘ब्राव्हो’ असे शब्द जगभर ठरवले गेले. ते पाठ नसतील तरी हरकत नाही. ‘डी, दिल्लीतला’, ‘पी, पुण्यातला’ असे म्हटले तरी पुरते. ‘क, कमळातला’ हे तर प्रत्येक मराठी मुलाने बालवाडीत शिकलेलेच असते. फक्त चमूतल्या सगळ्यांनी एकच शब्द ठरवून घ्यायला हवेत.

‘बरं’ म्हणजे काय?

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावरील विमानतळावर धुके दाटले होते. एका धावपट्टीवर दोन जम्बो विमाने होती आणि नियंत्रकाला एकही दिसत नव्हते. एका विमानाच्या वैमानिकाला वाटले, की उड्डाणाची परवानगी मिळाली. त्याने केलेल्या घोषणेवर नियंत्रकाने आधी ‘ओके’ म्हटले आणि मग थांबायला सांगितले. त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही रेडिओचे बटण दाबून ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असे कळवायचा प्रयत्न केला. दोन प्रक्षेपणे एकमेकांवर आदळली आणि पहिल्या विमानात फक्त शिट्टीसारखा कर्कश आवाज पोहोचला. ‘ओके’ तेवढे ऐकू गेले, ‘थांबा’ गेले नाही. त्या टकरीत ५८३ माणसे गेली. अपघाताला इतरही कारणे होती, पण एका वेळी एकानेच बोलण्याच्या यंत्राची मर्यादा आणि ‘ओके’ या शब्दाचा धूसरपणा ही त्यातली ठळक कारणे.

मराठीतले ‘बरं’, ‘हो’, ‘ठीक आहे’ हे शब्द ‘ओके’चेच सख्खे नातेवाईक आहेत. ‘बरं’ म्हणजे ‘ऐकू आले’, की ‘समजले’, की ‘करतो’, की ‘केले’? चौघे ऐकणारे चार अर्थ घेतात. म्हणूनच शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागात तोंडी सूचना उलट म्हणून दाखवण्याची शिस्त आली. डॉक्टर म्हणतात, ‘ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम’. परिचारिका म्हणते, ‘ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम देते’ आणि दिल्यावर ‘दिले’ असे सांगते. तेव्हाच ती सूचना पूर्ण झाली असे समजतात. बोलणे, परत म्हणणे आणि झाल्याचे कळवणे, असे हे वर्तुळ आहे. त्यातली मधली पायरी गाळली, तर ऐकण्यातली चूक पकडायची संधीच उरत नाही.

मरोळला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १७ डिसेंबर २०१८ रोजी एमआयडीसीतल्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या कामगार रुग्णालयाला आग लागली. अनेकांचे प्राण गेले, शंभराहून अधिक जण जखमी झाले आणि रुग्णांना आसपासच्या वेगवेगळ्या रुग्णालयांत हलवावे लागले. अशा प्रसंगी धुराने डोळे निकामी होतात. कोणत्या मजल्यावर किती माणसे आहेत, कोणता जिना मोकळा आहे, कुणाला उचलून आणावे लागेल, हे सगळे आवाजावरच चालते. त्या वेळी नवी शिस्त कुणाला शिकवता येत नाही. रोजच्या साध्या कामात जी सवय लागलेली असते, तीच कामाला येते.

करोनाकाळात मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय महापालिकेने करोना रुग्णालय म्हणून चालवले. संरक्षक पोशाख, मास्क आणि चेहऱ्यावरची पारदर्शक ढाल यांच्या आडून बोलणे किती कठीण असते, हे त्या काळात राज्यभरच्या डॉक्टर-परिचारिकांनी अनुभवले. मास्क नेमका वरच्या पट्टीतला आवाज, म्हणजे व्यंजनेच, शोषून घेतो. त्यावर रेडिओचा अरुंद पट्टा आला, की उरतात ते बहुतांशी स्वर. आजही धुळीच्या गाळ्यात मास्क लावून सेटवर बोलणाऱ्या कामगाराची हीच स्थिती असते. त्याने सावकाश आणि तोडून बोलावे. ओरडून उपयोग नसतो.

गोंगाट, आवाज आणि कान

फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये एक निरीक्षण नोंदवले. माणसाच्या कानावर गोंगाट पडू लागला की तो नकळत आपला आवाज चढवतो आणि गोंगाट थांबला की पुन्हा उतरवतो. याला ‘लोंबार परिणाम’ म्हणतात. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या कडेला सेटवर ओरडणारा वॉचमन त्यामुळेच ओरडत असतो. त्याला समोरचा बहिरा वाटत नसतो. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नसतो. गंमत अशी, की मायक्रोफोनला ओरडणे चालत नाही. आवाज फाटतो आणि आणखीच कळेनासा होतो. तोंडापासून चार-पाच सेंटिमीटरवर, थोडा बाजूला धरलेला माइक आणि नेहमीच्या पट्टीतला आवाज सर्वांत स्पष्ट पोहोचतो.

दिवसभर चढ्या आवाजात बोलून स्वरयंत्राच्या पडद्यांना सूज येते, कधी गाठीही होतात. शिक्षक आणि फेरीवाल्यांप्रमाणे सुपरवायझर मंडळींतही घसा बसण्याची तक्रार आढळते. अधूनमधून पाण्याचे घोट आणि आवाजाला विश्रांती एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला राहिला तर मात्र स्वरयंत्राची तपासणी करून घ्यायला हवी. तंबाखू किंवा सिगारेटचे व्यसन असेल तर अजिबात टाळाटाळ नको.

कानाचे नुकसान याहून मुके असते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची, ‘नायॉश’ची, शिफारस अशी, की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त कानावर पडू नये. आवाज तीन डेसिबलने वाढला, की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन तास आणि ९४ ला फक्त एक तास. रहदारी किंवा यंत्रांचा गोंगाट आधीच असतो. त्यावर मात करायला इअरफोनचा आवाज वाढवला जातो, आणि तो थेट कानाच्या नळीत पडतो. बारा तासांची पाळी असेल तर हिशेब आणखी बिघडतो.

गोंगाटाने येणारा बहिरेपणा आधी साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. म्हणजे जी व्यंजने रेडिओवर आधीच पुसट असतात, तीच कानालाही आधी कळेनाशी होतात. माणसाला ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत’ असे वाटू लागते. तो आवाज आणखी वाढवतो, नुकसान आणखी होते. घरी टीव्ही मोठा लावल्याबद्दल बायको-मुले बोलतात, तेव्हा कुठे गोष्ट लक्षात येते. आतल्या कानातल्या संवेदी पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सुटल्यानंतर कानात शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येणे, ही धोक्याची पहिली घंटा समजावी.

इथे एक गोष्ट कामगारांना माहीत असायला हवी. गोंगाटामुळे आलेला बहिरेपणा हा कर्मचारी राज्य विमा योजनेत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. या योजनेत येणाऱ्यांना तपासणी, उपचार आणि पात्र ठरल्यास नुकसानभरपाई मागण्याचा हक्क आहे. त्यासाठी नोकरीला लागताना आणि पुढे दरवर्षी केलेली श्रवणतपासणी, म्हणजे ऑडिओग्राम, हाताशी असणे उपयोगी पडते. ही तपासणी मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात होते. सुई नाही, वेदना नाही. कानावर हेडफोन लावून बारीक आवाज ऐकू आला की खूण करायची, एवढेच.

पावसाळ्यात आणखी एक त्रास वाढतो. पाळी बदलताना सेट हातोहात जातो आणि त्याबरोबर कानातली गुंडीही. घामट, बंद कानात बुरशीला पोषक हवा मिळते. खाज, ठणका, काळपट किंवा पांढरा स्राव आणि दडा बसल्यासारखे वाटणे ही बुरशीची लक्षणे आहेत. अशा कानात तेल घालू नये, काडी तर मुळीच नाही. प्रत्येकाला इअरफोनची स्वतःची गुंडी द्यावी; ती काही रुपयांत मिळते. पाळी संपताना सेटचा माइक आणि बटण पुसून ठेवावे.

हात मोकळे, मन अडकलेले

डिलिव्हरीवाले, टेम्पोचालक, रुग्णवाहिकेचे चालक यांच्यासाठी धोका कानापेक्षा मेंदूत जास्त आहे. १९९७ मध्ये टोरंटोमधील डोनाल्ड रेडलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी अपघातात सापडलेल्या मोबाइलधारक चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होता. हातात न धरता वापरण्याच्या फोनने तो कमी झाल्याचे दिसले नाही. कारण अडकलेला असतो तो हात नव्हे, तर लक्ष. डोळे रस्त्याकडे असूनही समोरून आलेला माणूस ‘दिसत’ नाही.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलताना असे कमी होते. वळण आले, गर्दी आली की तोही गप्प होतो. दूर बसलेल्या सुपरवायझरला साकीनाक्याची कोंडी दिसत नसते. तो बोलतच राहतो. शिवाय फोन न उचलण्याची मोकळीक चालकाला असते, तशी इथे नसते. बटण तिकडे दाबले जाते आणि आवाज इकडे कानात थेट येऊन आदळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातात धरून असे साधन वापरणे हा गुन्हा आहे आणि त्याला दंड तसेच कैदेची तरतूद आहे. पण कायद्याच्या अलीकडे, कंपनीने स्वतःहून एक नियम घालावा: चाक फिरत असताना उत्तराची अपेक्षा नाही. चालकाने गाडी बाजूला लावून बोलावे, आणि तोवर समोरच्याने थांबावे.

तात्पुरती स्मरणशक्तीही लहान असते. नवी माहिती मेंदू एका वेळी साधारण चार तुकड्यांत धरून ठेवतो आणि गडबडीत त्याहूनही कमी. पत्ता, मजला, माणसाचे नाव, बिलाची रक्कम आणि ‘येताना बी गेटने या’ हे सगळे एका दमात सांगितले, तर त्यातले काहीतरी गळणारच. एका संदेशात जास्तीत जास्त तीन गोष्टी सांगाव्यात. त्याहून जास्त असतील तर लिहून पाठवाव्यात.

ॲपमुळे आणखी एक नवी गोष्ट घडते. वॉकी-टॉकीचा सेट पाळी संपली की चार्जरवर लावून माणूस घरी जायचा. ॲप मात्र खिशातून त्याच्याबरोबर घरी येते. रात्री अकराला उशाशी साहेबांचा आवाज फुटला, की छातीत धस्स होते, नाडी वाढते आणि गेलेली झोप लवकर येत नाही. वारंवार मोडणाऱ्या झोपेचा रक्तदाबाशी आणि मधुमेहाशी असलेला संबंध सर्वमान्य आहे. पाळी संपताच गटातून बाहेर पडण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. ती वापरण्याची परवानगी वरिष्ठांनी स्पष्ट शब्दांत दिली पाहिजे; नाहीतर कोणी ती वापरायला धजावत नाही.

किरणांची भीती आणि खरी काळजी

सेट छातीशी बांधून फिरल्याने कर्करोग होईल का, असे अनेक जण विचारतात. रेडिओलहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. पेशीतील गुणसूत्रे तोडण्याएवढी ऊर्जा त्यांच्यात नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कर्करोगकारक असू शकतील’ अशा गटात ठेवले होते, कारण तेव्हाचा पुरावा अपुरा होता. त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. भारतात मोबाइल फोनसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे.

काळजी घ्यावी ती दोन ठिकाणी. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी सेट किंवा फोन त्या बाजूच्या खिशात ठेवू नये. किमान १५ सेंटिमीटर अंतर राखावे. वॉकी-टॉकीची प्रक्षेपणशक्ती मोबाइलपेक्षा बरीच जास्त असू शकते. म्हणून रुग्णालयाच्या सुरक्षारक्षकाने व्हेंटिलेटर किंवा औषधाच्या पंपाजवळ उभे राहून बटण दाबू नये. बोलायचे असेल तर दाराबाहेर यावे. विनापरवाना वापरायला भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा खुला आहे. त्याबाहेरचे स्वस्त सेट ऑनलाइन घेऊन वापरणे बेकायदा तर आहेच, पण ते आपत्कालीन सेवांच्या लहरींत व्यत्ययही आणू शकतात.

आणखी एक भान ठेवायला हवे. या यंत्रावर बोललेले सगळ्यांना ऐकू जाते. ‘चौथ्या मजल्यावरच्या अमुक बाईंना टीबी आहे, त्यांची खोली नीट पुसा’ असे रेडिओवर बोलणे म्हणजे ते लिफ्टमधल्या अनोळखी माणसांनाही सांगणे. खोलीचा क्रमांक आणि ठरलेला संकेत पुरेसा असतो. रुग्णाचे नाव आणि आजार यांची जोडी हवेत सोडू नये.

दहा मिनिटांचा सराव

एवढे सगळे नियम भिंतीवर लावून कोणाच्या अंगवळणी पडत नाहीत. आठवड्यातून एकदा, पाळी सुरू होताना दहा मिनिटे सराव केला तर पडतात. एकाने तळघरातून, दुसऱ्याने गच्चीवरून, तिसऱ्याने लिफ्टमधून बोलून पाहावे. आवाज कुठे तुटतो ते कळते आणि त्या जागांची यादी होते. तळघरात आणि धातूच्या लिफ्टमध्ये लहरी पोहोचत नाहीत, मोबाइलचे ॲपही तिथे मुके होते. तिथे काम करणाऱ्याशी संपर्काचा दुसरा मार्ग, निदान ठराविक वेळाने वर येऊन कळवण्याचा नेम, आधीच ठरवून ठेवावा. त्या माणसाला चक्कर आली किंवा विजेचा धक्का बसला, तर त्याची शांतता आणि नेटवर्कची शांतता सारखीच ऐकू येते.

सरावात पाच गोष्टी म्हणून घ्याव्यात. बटण दाबा, एक क्षण थांबा, मग बोला. आणि बोलून झाल्यावर आणखी एक क्षण थांबून बटण सोडा. आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव, मग आपले नाव, मग काम सांगा. आकडे सुटे करून सांगा. ‘बरं’ म्हणू नका, ऐकलेले परत म्हणा. आणि कोणी ‘आणीबाणी’ म्हटले, की बाकीच्या सगळ्यांनी बटणावरून अंगठा काढा.

शेवटची गोष्ट सुपरवायझरसाठी. न समजल्यावर ‘पुन्हा सांगा’ म्हणणाऱ्या कामगाराला ओरडा बसला, तर पुढच्या वेळी तो विचारणार नाही. तो अंदाजाने काम करेल, आणि दहातल्या नऊ वेळा तो अंदाज बरोबरही येईल. दहाव्या वेळी गेट उघडेल, लिफ्ट सुटेल किंवा चुकीची बाटली वॉर्डात पोहोचेल. ‘पुन्हा सांगा’ हे दोन शब्द ज्या चमूत न लाजता म्हणता येतात, तो चमू कोणत्याही किमतीच्या यंत्राशिवाय अधिक सुरक्षित असतो.